शेजारची खुर्ची

शुक्रवारी काय झालं ते रविवारपर्यंत घरातल्या प्रत्येकाला कळलं होतं, फक्त ते इतरांनाही कळलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे जेवणाच्या टेबलाशी जो तो दुसऱ्याला सांभाळून बोलत होता, आणि सांभाळून बोलणारी पाच माणसं एका खोलीत कोंबली की काय होतं ते सांगायला नको. एरवी या घरात मीठ ओरडून मागतात. आज मुलाने ‘आई, जरा मीठ देतेस का, उठू नकोस, राहू दे, मीच घेतो’ असं म्हणून स्वतः उठून मीठ आणलं, तेव्हाच आत्याच्या कपाळावर आठी पडली.

“तुझी तब्येत बरी आहे ना रे?” तिने भाच्याला विचारलं.

“मला काय धाड भरलीय?”

“नाही, दातांच्या डॉक्टरांना अदब फक्त दवाखान्यात असते, म्हणून विचारलं.”

बाबा गडगडून हसले. ते हसणं सगळ्या देशाला पाठ होतं. हवामानाच्या बातमीनंतर रोज संध्याकाळी टीव्हीवर ते एकदा तसं हसत. आई हसली नाही. ती बटाट्याची साल काढावी तसं लक्ष देऊन आपल्या पोळीचे तुकडे करत होती आणि एकही तोंडात घालत नव्हती.

सून तिच्या समोरच बसली होती. शनिवारी सकाळी संपादकांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं होतं. इतकी वर्षं ती हातात माइक घेऊन पुरात, मोर्च्यांत आणि दवाखान्यांच्या दारांत उभी राहिली होती. संपादक म्हणाले, “सोमवारपासून संध्याकाळच्या मुख्य बातम्या तू. सरांच्या शेजारी. घरातलीच जोडी, प्रेक्षकांना आवडेल.” सर म्हणजे तिचे सासरे. शेजारची खुर्ची म्हणजे सासूची. “आणि आई?” असं तिने विचारलं, तर संपादकांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. “मॅडमना आपण नव्या मुलींचे उच्चार सुधारायला देतोय. सन्मानाचं काम आहे. तू उद्या रात्रीपर्यंत सांगितलंस तरी चालेल.” ती रात्र आजची, रविवारची. अजून तिने सांगितलं नव्हतं.

तिला ती खुर्ची हवी होती. हे लपवण्यात काही अर्थ नाही. लहानपणी आपल्या घरच्या कपाटासमोर उशांना ओळीने बसवून ती बातम्या वाचायची, आणि मान किंचित डावीकडे कलवायची, कारण टीव्हीवरची बाई तशी कलवायची. त्याच बाईच्या मुलाशी आपलं लग्न होईल हे तेव्हा कुठे माहीत होतं? लग्नानंतर पहिल्यांदा या घरात आली तेव्हा सासूशी बोलताना तिची इतकी गाळण उडाली की तिने ‘नमस्कार’ऐवजी ‘धन्यवाद’ म्हटलं होतं. सासूने हसू दाबून म्हटलं होतं, “अगं, अजून बातम्या सुरू व्हायच्यात.”

आता त्याच बाईची खुर्ची आपल्याला मिळतेय, आणि तिला ते कसं सांगायचं ते कळत नाही, म्हणून सून मुकाट्याने पाणी पीत होती.

*

आत्याला हे सगळं कुणी सांगितलं नव्हतं. तिला सांगावं लागत नसे. टीव्ही केंद्रातल्या मेकअपच्या खोलीत तिने उभं आयुष्य काढलं होतं आणि निवृत्त झाली तरी तिथल्या बायका तिला फोन करायच्या. शुक्रवारी वहिनी संपादकांच्या खोलीतून बाहेर आली, मेकअपच्या खोलीत जाऊन तिने तोंड स्वच्छ धुतलं, आणि बातम्यांना अर्धा तास असताना ती घरी निघून गेली. पडद्यावर दादा एकटाच बसला. शेजारी खुर्ची नव्हती, कुणीतरी तत्परतेने उचलून नेली होती. ‘आमच्या सहकारी रजेवर आहेत,’ असं दादाने सांगितलं. चेहरा अगदी शांत. त्या चेहऱ्यावर पावडर आत्यानेच वर्षानुवर्षं फासलेली, त्यामुळे तो शांत कधी असतो आणि शांत दिसतो कधी, हे तिला ओळखता यायचं.

रजा! या शब्दाचा आत्याला संताप यायचा. तिच्या डोळ्यांदेखत तिथल्या कितीतरी बायका अशाच रजेवर गेल्या होत्या. ती उंच, घोगऱ्या आवाजाची, जी हसताना तोंडावर हात धरायची. ती मोत्यांच्या कुड्यांवाली, जिच्यासारखे केस कापून घ्यायला सलूनमध्ये रांगा लागायच्या. एक दिवस असायच्या, दुसऱ्या दिवशी नसायच्या, आणि त्यांच्या शेजारचे पुरुष तसेच बसलेले असायचे. पुरुषांचे केस पिकले की वरच्या साहेबाचा निरोप यायचा, ‘रंगवू नका, भारदस्त दिसतं.’ बायकांच्या डोळ्यांखाली एक रेघ उमटली की तोच माणूस आत्याला विचारायचा, ‘लाइट बदलून काही होईल का हो?’

आणि सुरुवात किती वेगळी होती! तेव्हा केंद्र म्हणजे गोदामासारखी एक लांबट इमारत, छतावरचे दिवे इतके तापायचे की चेहऱ्याचा रंग हनुवटीवरून कॉलरवर उतरायचा. वाचायची बातमी कागदाच्या लांब गुंडाळीवर मोठ्या अक्षरांत लिहायची, आणि कॅमेऱ्याच्या खाली बसून ती गुंडाळी हाताने फिरवायला एक मुलगी ठेवलेली. दादाचा वेग काय आहे, कुठे तो श्वास घेतो, कुठल्या शब्दाला अडखळतो, हे त्या मुलीला त्याच्यापेक्षा जास्त कळायचं. एकदा बातम्या चालू असताना दादाला ठसका लागला. असा लागला की थांबेना. त्या मुलीने गुंडाळी सोडली, उठली, त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि राहिलेल्या बातम्या पाठच असल्यासारख्या म्हणून टाकल्या. दुसऱ्या दिवशी पोस्टमन पत्रांचं पोतं घेऊन आला. लोकांनी विचारलं होतं, ती उभी असलेली मुलगी कोण? तिला बसायला खुर्ची द्या.

तिला खुर्ची मिळाली, मग दादाही मिळाला. आत्याचा त्या लग्नात मोठा हात होता आणि ती तो कधी विसरू देत नसे.

आज तीच मुलगी पोळीचे तुकडे करत बसली होती. आत्याने भाजीची वाटी तिच्याकडे सरकवली.

“वहिनी,” ती म्हणाली, “जेव तरी. उद्या कामावर जायचंय ना?”

आईने वर पाहिलं.

“नाही वन्सं, मी रजेवर आहे,” ती म्हणाली.

*

बाबांना अवघड शांतता सहन होत नसे. पडद्यावर आवाज गेला, चित्र अडकलं, तर दोन शब्द बोलून वेळ मारून न्यायची सवय अंगात मुरलेली. त्यांनी टाळी वाजवली.

“चला! टेबलावरच्या बातम्या कधीपासून झाल्या नाहीत. ताटं उचला.”

हा या घरातला जुना खेळ. मुलगा लहान असताना सुरू झालेला. जेवण झालं की टेबलाच्या एका बाजूला दोन खुर्च्या मांडायच्या, आजचं वर्तमानपत्र कापून बातम्या करायच्या, दोघांनी वाचायच्या. तिसरा स्वयंपाकघरात निर्माता होऊन बसणार, आणि कुठली बातमी आधी, कुठली कुणी वाचायची, हे आयत्या वेळी बदलणार. पूर्वी तो स्वयंपाकघरातून ओरडायचा, आता फोनवरून कानातल्या इअरफोनमध्ये सांगायचा. सुनेने बातमीदाराच्या परीक्षेची तयारी याच टेबलावर केली होती.

“बाबा, आज नको,” मुलगा म्हणाला.

“आज नको म्हणजे? ये गं सूनबाई, बस. एकदा जमतंय का बघू.”

हे तोंडातून गेलं आणि त्यांना वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. जमतंय का बघू, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सुनेचा चेहरा पांढरा पडला. आईने मात्र स्वतः उठून टेबल पुसलं, दोन खुर्च्या जवळजवळ लावल्या, आणि ती खिडकीपाशी जाऊन बसली.

“बस गं,” ती सुनेला म्हणाली. “पाठ टेकू नकोस, आवाज बसतो.”

आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. सून बसली. मुलगा नाइलाजाने फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला. आत्या प्रेक्षक झाली.

पहिल्या दोन बातम्या छान झाल्या. बाबांचा आवाज खोलीभर पसरला, तसा तो नेहमीच पसरायचा, आणि सुनेचा त्याच्या पाठोपाठ हलका, स्वच्छ आला. स्वयंपाकघरातून मुलाने सुनेच्या आणि बाबांच्या कानात सांगितलं, “आता बाजाराची आधी. बाबा, तुम्ही.” सून थांबली. बाबा प्रसन्न चेहऱ्याने समोर पाहत राहिले.

“बाबा, तुम्ही,” पुन्हा कानात आलं.

बाबा पाहतच राहिले. मग सुनेने घाईघाईने ती बातमी वाचली. पुढच्या वेळी उलटं झालं; मुलाने सुनेला सांगितलं आणि दोघंही एकदम सुरू झाली. तिसऱ्या वेळी बाबा परत गप्प.

“अरे, नीट सांग ना!” ते स्वयंपाकघराकडे बघून चिडले. “पुटपुटतोस काय?”

मुलगा दारात आला. “बाबा, मी पुटपुटत नव्हतो. आवाज पूर्ण मोठा आहे.”

“मग हे यंत्र बिघडलंय.”

सुनेने त्यांच्या कानातला इअरफोन काढून आपल्या कानाला लावला. मुलाने आतून एक शब्द म्हटला. तिने मान खाली घातली. यंत्र ठणठणीत होतं.

तिने खिडकीकडे पाहिलं. आई बाहेर बघत होती आणि तिचा उजवा हात खुर्चीच्या हातावर होता. मघाशी स्वयंपाकघरातून मुलाचा आवाज आला की त्या हाताचं एक बोट नकळत लाकडावर दाबलं जात होतं, हे सुनेच्या आता लक्षात आलं. तीनही वेळा. अगदी वेळेवर.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही टेबलाखालून त्यांना खूण करता?”

आईने हात मांडीवर घेतला.

“कधीपासून?” मुलाने विचारलं.

“तुझं कॉलेज चालू होतं तेव्हापासून,” आई म्हणाली. “मनगटावर बोट दाबते. एकदा दाबलं की त्यांची पाळी, दोनदा दाबलं की थांबायचं. कान तेव्हाच कमी झाले होते.”

बाबा तिच्याकडे बघत होते. घरात ते अर्ध्या गोष्टींना उत्तर देत नसत, आणि सगळे म्हणायचे, बाबांचं लक्ष नसतं, एवढा मोठा माणूस, डोक्यात देशाची चिंता. दारावरची घंटा वाजली तरी उठत नसत, तेव्हाही तोच खुलासा. कान हा विषय कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

“मला वाटायचं...” ते म्हणाले आणि थांबले.

“काय वाटायचं?”

“तू हात धरतेस, असं वाटायचं. बोट दाबलं गेलं की मी आपोआप बोलायचो.” त्यांचा तो प्रसिद्ध आवाज अगदी बारीक झाला. “आधीपासून धरायचीस ना. पहिल्या दिवशी तू घाबरली होतीस तेव्हा धरला होतास. मला वाटलं, सवय आहे तुझी. प्रेमाची.”

“होतीच,” आई म्हणाली. “नंतर कामाची झाली. दोन्ही चालत होतं.”

आत्याने पदराशिवायच डोळे पुसले, म्हणजे सरळ मनगटाने, आणि नाक ओढलं.

*

आईला रडू येत नव्हतं. शुक्रवारपासून तिला फक्त राग येत होता आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. संपादकांवर? तो पोरगा तिच्याच हाताखाली शिकला होता. ‘श’ आणि ‘ष’ वेगळे कर, वाक्य संपेपर्यंत श्वास सोडू नकोस, हे तिने त्याला शिकवलं होतं. शुक्रवारी त्याने तिला समोर बसवून सांगितलं, “मॅडम, पडद्याला ताजेपणा हवाय. निरोपाचा कार्यक्रम वगैरे नको, उगाच चर्चा होते. रजेवर आहात म्हणू. लोक महिन्याभरात विसरतात.” वाक्य संपेपर्यंत श्वास मात्र सोडला नाही.

“आई,” मुलगा तिच्याजवळ येऊन बसला, “राग मानू नकोस, पण मग तू हिला ती बोटाची खूण शिकवून ठेव ना. बाबांना अजून दोन वर्षं दिलीत त्यांनी. उद्या कॅमेऱ्यासमोर असं झालं तर त्यांची शोभा होईल.”

“अरे गप!” आत्या ओरडली.

“तसं नाही, आत्या. निदान एकाचं तरी टिकेल.”

“दोन वर्षं?” आईने विचारलं. “कधी दिली?”

बाबांनी टेबलावरची कात्रणं गोळा करायला घेतली.

“अहो, मी विचारतेय. कधी?”

“मागच्या महिन्यात,” बाबा म्हणाले.

“आणि माझं तेव्हाच ठरलं होतं?”

“तो म्हणाला, बदल करायचाय. मी म्हटलं, तुम्ही ठरवाल ते.”

“म्हणजे महिनाभर रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसलात. मी बोट दाबत होते आणि तुम्हाला माहीत होतं.”

“मला वाटलं, मी काही बोललो तर दोघांचंही जाईल.” ते उठले. “हे बघ, मी सोडतो. आत्ता फोन करून सांगतो, मीही येत नाही. दोघं घरी बसू. आयुष्यभर धावलो, आता...”

“मला घरी सोबत नकोय!” आईचा आवाज चढला. या घरात तिचा आवाज चढलेला सुनेने कधी ऐकला नव्हता. “तुम्ही सोडून मला काय मिळणार? माझी खुर्ची हवीय मला. मी अजून चांगली वाचते. तुमच्यापेक्षा चांगली वाचते, हेही सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं, हिचं का, असं. एवढंच हवं होतं. ते तुम्ही गिळलंत.”

बाबा उभेच राहिले. देशावर किती संकटं आली, ती त्यांनी न अडखळता वाचली होती. हे एक वाक्य राहून गेलं होतं. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

“मोठ्याने लाव,” ते मुलाला म्हणाले. “मला कानाशी धरून ऐकू येत नाही म्हणतात.”

संपादकांनी लगेच उचलला. “बोला सर! सूनबाईंनी होकार दिला वाटतं?”

“मला एक सांगायचंय,” बाबा म्हणाले. “माझे कान गेलेत. बरीच वर्षं झाली. कानात तुम्ही काय सांगता ते मला ऐकू येत नाही. आजवर ती टेबलाखालून खूण करत होती म्हणून निभावलं.”

सून डोळे मिटून बसली. पलीकडे संपादक मोकळेपणाने हसले.

“एवढंच ना? अहो सर, घाबरवलंत! वय झालं की कानांचं व्हायचंच. तुमच्यासमोर छोटा पडदा लावून देतो, पाळी आली की हिरवा होईल. कुणाला कळणारही नाही. लोकांना तुमचा चेहरा हवाय, कान कोण बघतंय?”

आत्याने कपाळावर हात मारला. बाबांचा चेहरा लाल झाला. आपल्याला इतक्या सहज माफ करतील असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्या सहजपणाची त्यांना लाज वाटली.

“माझी सोय झाली,” ते म्हणाले. “तिला तर काहीच झालेलं नाही. कान चांगले, डोळे चांगले, आवाज माझ्यापेक्षा चांगला. मग हिचं का? तीही माझ्याच वयाची आहे, दोन वर्षं लहानच. मला पडदा लावून देता आणि तिची खुर्ची उचलून नेता. का?”

“सर, मॅडमचं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?”

“आता हे मी फोनवर कसं सांगू? तुम्ही समजून घ्या. आणि सूनबाई बसतायत ना, घरातलं घरातच राहतंय.”

सून खुर्चीवरून पुढे सरकली. तिला ती खुर्ची अजूनही हवी होती. “सर, मी बोलतेय. खुर्ची रिकामी झाली की मी मागायला येईन, परीक्षा देऊन घेईन. आत्ता ती रिकामी नाही. मी बसणार नाही.”

“तू नाही म्हणालीस तर दुसरी बसेल, हे लक्षात घे. रांग लागलीय.”

“माहीत आहे,” सून म्हणाली. तिच्या नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मघाशी तोच एकाचं तरी टिकवा म्हणत होता.

संपादकांनी उसासा टाकला. “सर, हे घरगुती भांडण दिसतंय. तुम्ही मॅडमना जरा सांभाळा. बायकांच्या मनाला लागतं, चार दिवसांत होईल ठीक. रजेचं आम्ही बघतो.”

आई खिडकीपाशी उठून उभी राहिली. टेबलाजवळ आली, सून बसली होती त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि फोनकडे किंचित वाकून म्हणाली, “नमस्कार.”

रोज संध्याकाळी घराघरांत शिरणारा तोच नमस्कार, तोच चढ, तोच शेवटी जरासा थांबलेला ‘र’. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला; संपादक बहुधा उठून उभे राहिले असावेत.

“मॅडम, तुम्ही ऐकत होतात?”

“सगळं ऐकलं. मी रजा मागितलेली नाही, त्यामुळे मी रजेवर नाही. उद्या संध्याकाळी मी कामावर येतेय. माझी खुर्ची जिथे नेऊन ठेवली असेल तिथून आणून ठेवा.”

“मॅडम, पण निर्णय झालेला आहे...”

“मग तो लिहून द्या. मला काढलं, आणि का काढलं, ते चार ओळींत स्वच्छ लिहा आणि उद्याच्या बातम्यांत घाला,” आई म्हणाली. “ती बातमीही मीच वाचेन.”